नकाशावरील बोट

मराठी शाळेंत भूगोलाची तोंडी परीक्षा घेण्याची एक जुनी रीत होती. भिंतीवर नकाशा टांगावयाचा, विद्यार्थ्याच्या हातीं छडी द्यावयाची, आणि 'गोदावरीचा उगम दाखव', 'पन्हाळा दाखव' असें म्हणावयाचें. मुलगा छडीचें टोंक नकाशावर कोठें तरी ठेवी, आणि तें योग्य ठिकाणीं पडलें कीं नाहीं याचा निवाडा मास्तर करीत. नकाशा स्वतः मुका असे. आज संगणकाच्या पडद्यावर जो नकाशा दिसतो त्यानें हा क्रम उलटा केला आहे. बोट ठेवणारे आपण, आणि 'हें सोलापूर, हा घ्या त्याचा वृत्तान्त' असें सांगणारा नकाशा. मास्तरांची जागा नकाशानेंच घेतली आहे. ती त्यानें कशी घेतली, कितपत योग्यपणें घेतली, आणि त्याच्या निवाड्यांत कोणावर अन्याय होतो, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या बोलक्या नकाशास इंग्रजींत इमेज मॅप असें नांव आहे. नांवांत 'मॅप' असला तरी तो नेहमीं भूगोलाचाच असतो असें नाहीं. शरीराच्या चित्रांतील अवयव, वाड्याच्या आराखड्यांतील खोल्या, वंशवृक्षाच्या फांद्या, अशा कोणत्याहि एका चित्राचे अनेक भाग कल्पून प्रत्येक भागास निरनिराळ्या पानाचा दुवा जोडला, म्हणजे इमेज मॅप सिद्ध झाला. हल्लीं घरोघरचीं मुलें शाळेचें, मंडळाचें, किंवा आपल्या कुलवृत्तान्ताचें संकेतस्थळ तयार करीत असतात. वंशवृक्षाचें सुंदर चित्र काढावें, पणजोबांच्या नांवावर बोट ठेवतांच त्यांचें चरित्र उघडावें, ही कल्पना कोणासहि मोह पाडील अशीच आहे. मोह पडण्यास हरकत नाहीं. परंतु दाराला कितीहि नक्षी असली तरी तें सर्वांस उघडतें कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे.

प्रथम त्याची घडण पाहूं. आपण ज्यास चित्र म्हणतों, तें संगणकाच्या दृष्टीनें बारीक ठिपक्यांची एक जाळी असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचा पत्ता दोन अंकांनीं सांगतां येतो. मोजणीचा आरंभ चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होतो. पहिला अंक उजवीकडे किती ठिपके जावें हें सांगतो, आणि दुसरा अंक खालीं किती उतरावें हें सांगतो. शाळेच्या भूमितींत य-अक्ष वर वाढत जातो, येथें तो खालीं वाढत जातो. हा भेद लक्षांत न आल्यामुळें गणितांत हुशार असलेलीं मुलेंहि आरंभीं घोटाळ्यांत पडतात. आपण पाटीवर वरून खालीं लिहितों, तशीच ही मोजणी आहे असें समजावें, म्हणजे घोटाळा राहत नाहीं.

आतां चित्राचे भाग सांगण्यास तीन आकृति पुरतात. पहिली काटकोन चौकोन. त्यास चार अंक लागतात. डाव्या वरच्या कोपऱ्याचे दोन व उजव्या खालच्या कोपऱ्याचे दोन. '१०, १०, ११०, ६०' असे अंक दिले तर शंभर ठिपके रुंद व पन्नास ठिपके उंच असा चौकोन झाला. दुसरी आकृति वर्तुळ. त्यास तीन अंक. मध्यबिंदूचे दोन व त्रिज्येचा एक. तिसरी बहुभुजाकृति. तिचे जितके कोन तितक्या अंकांच्या जोड्या. निदान तीन जोड्या तरी पाहिजेतच, कारण तीनहून कमी बाजूंनीं जागा बंदिस्त होत नाहीं. जिल्ह्याची सीमा ही कधींच चौकोनी किंवा वर्तुळाकार नसल्यामुळें नकाशाच्या कामीं ही तिसरी आकृतिच उपयोगी पडते. दोन आकृति एकमेकींवर चढल्या, तर सामाईक जागेवरील बोट कोणाचें? नियम असा कीं, यादींत जिचें नांव आधीं, तिचा हक्क पहिला. लग्नघरांतील मानपानाचे तंटे इतक्या सहज मिटते तर फार बरें झालें असतें.

बोट बहुभुजाकृतीच्या आंत पडलें कीं बाहेर, हें डोळ्यांस एका दृष्टिक्षेपांत कळतें. पण संगणकास डोळे नाहींत, केवळ अंक आहेत. मग त्यास तें कळतें कसें? ही युक्ति इतकी मनोहर आहे कीं ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. एक वेडावांकडा, नागमोडी वळणांचा तट असलेला किल्ला कल्पावा. रात्रीच्या अंधारांत एक मनुष्य कोठें तरी उभा आहे. आपण तटाच्या आंत आहों कीं बाहेर, हें त्यास ठाऊक नाहीं. त्यानें एक दिशा धरून नाकासमोर सरळ चालत सुटावें आणि किल्ल्याच्या पार दूर जाईपर्यंत तट किती वेळां ओलांडावा लागला तें मोजावें. संख्या विषम आली तर तो आरंभीं आंत होता. सम आली, अथवा तट लागलाच नाहीं, तर बाहेर होता. तट कितीहि वळणांचा असो, नियम बदलत नाहीं. कारण प्रत्येक ओलांडण्यासरशी आंतचा बाहेर होतो व बाहेरचा आंत होतो, आणि शेवट तर निश्चित बाहेरच होणार आहे. संगणक हेंच करतो. बोटाच्या ठिकाणापासून एक काल्पनिक रेषा काढतो आणि ती सीमेस किती ठिकाणीं छेदते हें मोजतो. घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलास कागदावर ही आकृति काढून दाखवावी. सम-विषम संख्यांचा असाहि उपयोग असतो हें पाहून त्यास आनंद झाल्यावांचून राहणार नाहीं.

आतां थोडा पूर्ववृत्तान्त. वेबचा जन्म १९९० च्या आगेंमागें झाला. परंतु मजकुरांतच चित्रें दाखविणारा, सामान्य मनुष्यास सोपा असा ब्राउझर म्हणजे 'मोझेक'. तो अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतून १९९३ सालीं बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं बोलक्या नकाशांचा आरंभ झाला. त्या वर्षाच्या जून महिन्यांत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रांत स्टीव्ह पुट्झ यांनीं जगाचा एक नकाशा वेबवर मांडला. त्यावर जेथें बोट ठेवावें तेथील भाग मोठा होऊन दिसे. त्याच उन्हाळ्यांत होनोलुलू येथील एका महाविद्यालयांत केव्हिन ह्यूज यांनीं बोटाच्या जागेवरून योग्य पान शोधून देणारा एक लहानसा कार्यक्रम लिहिला, व तो पुढें पुष्कळ ठिकाणीं वापरला गेला. तेव्हां या युक्तीचा पहिला उपयोग खरोखरच्या नकाशासाठीं झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जागेच्या प्रश्नास जागेच्या चित्रानें उत्तर देणें, हें तिचें मूळ व योग्य कार्य होय.

त्या पहिल्या पद्धतींत मात्र एक मोठें वैगुण्य होतें. कोणता भाग कोणाचा, ही यादी आपल्या संगणकावर येत नसे. ती दूरच्या सर्व्हरवर राही. आपण बोट ठेवलें कीं ब्राउझर फक्त दोन अंक तिकडे पाठवी, व तिकडून निवाडा होऊन पान येई. बोट ठेवण्यापूर्वीं तें कोठें नेईल हें ब्राउझरास ठाऊक नाहीं, मग वाचकास कोठून असणार? आणि ज्यास माऊस धरतां येत नाहीं, केवळ कळफलकावर काम करावें लागतें, त्याची तर चमत्कारिक गत होई. त्यानें बोट कोठेंच ठेवलेलें नसल्यामुळें त्याच्या नांवें 'शून्य, शून्य' असे अंक रवाना होत. शून्य, शून्य म्हणजे वरचा डावा कोपरा. महाराष्ट्राच्या नकाशांत वायव्येचा तो कोपरा गुजरातच्या बाजूस पडतो. म्हणजे कोल्हापुरास जाऊं इच्छिणारा असो कीं चंद्रपुरास जाऊं इच्छिणारा, हा बिचारा दर खेपेस महाराष्ट्राच्या बाहेरच!

हें वैगुण्य दूर करण्यासाठीं, यादी चित्राबरोबरच ब्राउझरकडे द्यावी अशी सूचना पुढें आली. स्पायग्लास या कंपनीचे सीडमन यांनीं मांडलेला तो प्रस्ताव ऑगस्ट १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ या आवृत्तींत ती रीत सर्वमान्य झाली. आतां प्रत्येक भागाबरोबर त्याचें नांवहि लिहून देतां येऊं लागलें. हा फेरफार दिसण्यांत लहान पण परिणामांत फार मोठा होता. त्याचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्याकडे सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं विद्यार्थ्यांस स्वस्तांत मिळणाऱ्या जोडणींत केवळ अक्षरें दिसत, चित्रें दिसत नसत. अक्षरांवर चालणारा 'लिंक्स' नांवाचा ब्राउझर नव्या पद्धतीच्या चित्राची सरळ नांवांची यादी करून दाखवी, व काम अडत नसे. जुन्या पद्धतीच्या चित्राबाबत असें करणें त्यास शक्यच नव्हतें, कारण नांवें दूर सर्व्हरपाशीं कोंडलेलीं. चित्र नाहींसें झालें तरी नांव हातीं राहिलें, म्हणून वाट राहिली.

येथें एक शंका कोणी घेईल. 'आतां तर सर्वांच्या हातीं चांगले फोन आहेत, चित्रें क्षणांत उमटतात. मग ही पुराणकथा कशास?' त्यास आमचें उत्तर असें कीं, फोन आले म्हणून अडचणी संपल्या नाहींत, त्यांनीं रूप बदललें आहे. आपण आपल्या महाराष्ट्राचाच नकाशा घेऊन त्या एक-एक तपासूं.

पहिली अडचण मापाची. समजा, एखाद्या मुलानें हजार पिक्सेल रुंद व सुमारें आठशें पिक्सेल उंच असा महाराष्ट्राचा नकाशा केला, आणि जिल्ह्यांच्या सीमांचे अंक काळजीपूर्वक भरले. सोलापूर शहर त्यांत डावीकडून सुमारें ४०० व वरून सुमारें ५५० ठिपक्यांवर येईल. मोठ्या पडद्यावर सर्व यथास्थित चाललें. मग आजोबांनीं तेंच पान फोनवर उघडलें. फोनच्या पडद्यांत मावावा म्हणून नकाशा आकसून ४०० पिक्सेल रुंद झाला. पण यादींतील अंक आकसले नाहींत, कारण ते एकदां लिहिले ते लिहिले. आतां सोलापूर दिसतें तें सुमारें १६० व २२० या ठिकाणीं. आणि मूळ यादीप्रमाणें १६०, २२० या ठिकाणीं कोण आहे? नाशिक जिल्हा! आजोबांचें बोट बरोबर, डोळे बरोबर, भूगोल बरोबर. तरी सोलापूर दाबलें कीं नाशिक उघडणार. नागपूर दाबलें तर बोट मूळ यादीच्या हिशेबानें राज्याची सीमा ओलांडून मध्यप्रदेशांत पडणार. अशा वेळीं वृद्ध मनुष्य 'आपल्यालाच हें जमत नाहीं' असें म्हणून फोन खालीं ठेवतो, आणि घरांतील तरुण मंडळीहि तसेंच समजतात. दोष यादीचा, आणि त्याचा बोल मात्र म्हाताऱ्या बोटास.

दुसरी अडचण आकाराची. नकाशांत ज्याचें क्षेत्र मोठें त्यास जागा मोठी. अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा, तर मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे शंभरपटींहून अधिक अंतर. गडचिरोलीचें क्षेत्र चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, व २०११ च्या गणनेप्रमाणें वस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून वस्ती सव्वा कोटीच्या जवळ. म्हणजे जेथील माणसें सर्वांत अधिक, तेथें बोट ठेवण्यास जागा सर्वांत थोडी. वर सांगितलेल्या हजार पिक्सेलांच्या नकाशांत मुंबई बेटाची रुंदी पांच-सहा पिक्सेल भरेल. फोनवर ती दोन-तीन पिक्सेल उरेल. ऑक्टोबर २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-नियमांत, कांहीं अपवाद सोडून, दाबण्याची जागा निदान २४ पिक्सेल लांब व तितकीच रुंद असावी असें सांगितलें आहे. संधिवातानें वांकलेल्या किंवा कंपवातानें थरथरणाऱ्या बोटाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी धडधाकट मनुष्याच्या अंगठ्याखालीं मुंबई, ठाणें व रायगड यांचे कोपरे एकदमच दडून जातात.

तिसरी अडचण काळाची. नकाशा स्थिर दिसतो, पण राज्यकारभार स्थिर नसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर वेगळा झाला व जिल्ह्यांची संख्या ३६ झाली. ज्या चित्रांत ३५ च जिल्हे राहिले, त्यांत डहाणूचा मनुष्य अजून ठाण्यासच पोंचतो. पुढें २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर व धाराशिव, आणि २०२४ सालीं अहिल्यानगर, अशीं जिल्ह्यांचीं नांवें बदललीं. जेथें नांव खऱ्या अक्षरांनीं लिहिलें होतें तेथें एक शब्द खोडून दुसरा लिहिला कीं काम झालें. जेथें नांव चित्रांतच रंगविलें होतें, तेथें सबंध चित्र पुन्हां काढणें प्राप्त झालें. आणि चित्रकार सोडून गेलेला, मूळ चित्र हरवलेलें, अशी स्थिति असल्यास जुनेंच नांव पुढें चालत राहतें. रंगविलेल्या अक्षरांस शोधयंत्र पाहूं शकत नाहीं, कोणी तीं मोठीं करून वाचूं पाहील तर तीं फांटतात, आणि भाषांतर करणाऱ्या यंत्रासहि तीं सहज सांपडत नाहींत.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची, आणि तीच या लेखाचें खरें प्रयोजन. ज्यास दिसत नाहीं त्यानें काय करावें? अंध मनुष्य संगणक वापरतो तो ऐकून. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे कार्यक्रम आहेत. त्यांपैकीं 'एनव्हीडीए' हा तर ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं लिहिण्यास आरंभ केलेला व आजहि विनामूल्य मिळणारा आहे. असा कार्यक्रम चित्र पाहून जिल्हा ओळखीत नाहीं. करणाऱ्यानें प्रत्येक भागास जें नांव लिहून ठेविलें असेल तें वाचतो. नांव लिहिलें असेल तर 'अकोला, दुवा. अमरावती, दुवा' असें स्पष्ट ऐकूं येतें, आणि डोळस मनुष्याइतक्याच वेगानें तो आपल्या जिल्ह्यास पोंचतो. नांव लिहिलें नसेल, तर छत्तीस वेळां अर्थहीन पत्त्यांचे तुकडे कानीं पडतात. लिहिण्यास लागणारा शब्द एक, आणि त्याच्या अभावीं एका मनुष्यास छत्तीस दारांपैकीं एकहि ओळखतां येऊं नये!

हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाहीं. मे १९९९ मध्यें निघालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सुलभता-नियमांतच चित्राच्या प्रत्येक भागास शब्दरूप नांव द्यावें असें सांगितलें होतें. आपल्या देशांत २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, संगणकीय सेवांपर्यंत पोंचतां येणें हा संविधानाच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय दिला. सातबारा, निवृत्तिवेतन, परीक्षेचा अर्ज, रुग्णालयांतील वेळ, हें सर्व आतां पडद्यावरून होतें. पूर्वीं कचेरींत कोणी अडलें तर शिपायास तरी विचारतां येत असे. पडद्यावरील मुक्या चित्रापाशीं विचारावयास कोणीच नसतो.

आपल्या शास्त्रकारांनीं व्यवहारांतील वस्तुमात्राचें 'नाम' आणि 'रूप' असें द्विविध वर्णन केलें आहे. आम्हांस या विषयांत त्या जोडीची वारंवार आठवण होते. रूप डोळ्यांस भेटतें, नाम कानांस भेटतें. ज्यास आपल्या गांवाचा तालुका कोणता हें ठाऊक नाहीं पण नदीच्या कोणत्या वळणावर गांव आहे हें ठाऊक आहे, त्यास रूपाचा आधार पाहिजे; त्याच्यापुढें शंभर नांवांची यादी टाकणें व्यर्थ. ज्यास दिसत नाहीं, किंवा नकाशा वाचण्याची संवय नाहीं, त्यास नामाचा आधार पाहिजे. त्याच्यापुढें सुंदर चित्र मांडणें व्यर्थ. नकाशा वाचण्याची संवय नसणारे लोक घरोघर आहेत, आणि तीं अडाणी माणसें नव्हेत. आयुष्यभर सर्व हिशेब तोंडीं ठेवणाऱ्या कित्येक गृहिणी त्यांत निघतील. तेव्हां चित्र टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. चित्रास नांवाची जोड द्यावी, इतकेंच.

यावरून जे नियम निघतात ते थोडे आहेत. चित्राच्या शेजारीं किंवा खालीं त्याच दुव्यांची साध्या अक्षरांतील यादी अवश्य द्यावी. ती वर्णानुक्रमानें असली म्हणजे शोधणें सोपें. प्रत्येक भागास नांव लिहावें, आणि तें 'येथें दाबा' असें नसून 'सातारा जिल्हा' असें असावें. अक्षरें चित्रांत रंगवूं नयेत. ज्यांचा जागेशीं कांहीं संबंध नाहीं, उदाहरणार्थ 'आमच्याविषयीं', 'वर्गणी', 'संपर्क', अशा गोष्टींसाठीं चित्राची यातायात मुळींच करूं नये. वर्गणीस अक्षांश-रेखांश नसतात. नकाशा करावयाचाच असेल तर हल्लीं एसव्हीजी या पद्धतीनें करावा. वेबची मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें ती सप्टेंबर २००१ मध्यें मान्य केली असून, तींत चित्र ठिपक्यांचें नसून रेषांचें असतें. आकृति व दुवा एकाच ठिकाणीं नांदतात, त्यामुळें चित्र आकसलें कीं दाबण्याच्या जागाहि त्याच प्रमाणांत आकसतात, आणि सोलापूरचें नाशिक होत नाहीं. शिवाय अक्षरें अक्षरेंच राहतात.

मुंबईसारख्या चिमुकल्या जागेचें काय करावें, याचें उत्तर आपल्या विवाहविधींत आहे. वधूवरांस अरुंधती दाखवितांना ती अंधुक तारका एकदम दाखवीत नाहींत. प्रथम जवळचा ठळक तारा दाखवावयाचा, नजर तेथें ठरली म्हणजे मग 'त्याच्या लगतची ती बारीक' म्हणावयाचें. यास स्थूलारुंधती-न्याय म्हणतात. नकाशांतहि तसेंच करावें. प्रथम छत्तीस जिल्हे न मांडतां कोंकण, नाशिक, पुणें, छत्रपति संभाजीनगर, अमरावती व नागपूर हे सहा महसुली विभागच मांडावे. ते मोठे असल्यामुळें कोणत्याहि बोटास सांपडतात. कोंकणावर बोट ठेवलें कीं कोंकणाचा मोठा नकाशा उघडावा, आणि मुंबई त्यांतहि लहानच राहिली तर ती बाजूस स्वतंत्र चौकटींत मोठी करून दाखवावी. एक पायरी वाढते हें खरें. पण सांपडणाऱ्या दोन पायऱ्या न सांपडणाऱ्या एकीपेक्षां केव्हांहि बऱ्या.

हें सर्व वाचून, 'आम्ही कांहीं संकेतस्थळें करीत नाहीं, आम्हांस याचा काय उपयोग?' असें ज्या वाचकांस वाटेल, त्यांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं परीक्षकाचें काम करावें. आपल्या घरांतील मुलानें, शाळेनें किंवा ज्ञातिसंस्थेनें चित्रमय पान केलें असेल तर तीन परीक्षा घ्याव्या. पहिली, तेंच पान फोनवर उघडून चित्रांतील चार दूरदूरचे भाग दाबावे, व योग्य तेंच उघडतें कीं नाहीं हें पाहावें. दुसरी, माऊस बाजूस ठेवून कळफलकावरील 'टॅब' ही कळ दाबीत जावें. प्रत्येक भागाशीं पोंचतां आलें पाहिजे, व आपण कोठें आहों हें दिसलें पाहिजे. तिसरी, डोळे मिटून बसावें आणि वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमास तें पान वाचावयास लावावें. फोनवर असा कार्यक्रम मुळांतच घातलेला असतो. तीनहि परीक्षांस मिळून पाव तास पुरे होतो, आणि त्यांस विशेष विद्वत्ता लागत नाहीं. तिसऱ्या परीक्षेच्या वेळीं तें पान करणाऱ्या मुलासच शेजारीं बसवावें. आपण काढलेल्या चित्रांतील आपलेंच गांव त्यास ऐकूं आलें नाहीं, तर नांवें लिहावयास तो आपण होऊन बसेल. त्यास दुसऱ्या कोणीं सांगण्याची गरज पडणार नाहीं.